जिभेवरचा खडा

माझ्या हातचं मीठ खाऊन कस्तुरी वीस वर्षं जगली. हे आधी लिहिते, कारण पुढे डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते लिहायचं आहे, आणि कुणाला वाटायला नको की म्हातारीने नातीला खारवून मारायला घेतलं होतं.

मी चांगुणा मोकल. खारेपाटात आमचं मिठागर आहे. आजूबाजूची सगळी आगरं भराव घालून बुजवली, त्यांच्यावर गोदामं उभी राहिली. आमचं मी विकू दिलं नाही. समुद्र दर साली थोडा वर येतो, आम्ही दर साली बांध थोडा उंच करतो. माझा मुलगा हरेश म्हणतो, "बय, समुद्राशी भांडून कोण जिंकलंय?" मी म्हणते, हरेपर्यंत भांडू. घरात मला सगळे बयच म्हणतात.

आमच्या घरची एक रीत आहे. आगरात उतरण्याआधी घरातल्या थोरल्या बाईने प्रत्येकाच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवायचा. माझ्या सासूने मला दिला, मी सगळ्यांना देते. मजूर असो, पाहुणा असो, मोजणीला आलेला सरकारी माणूस असो, खडा घेतल्याशिवाय बांधावर पाय ठेवायचा नाही. आणि मागितलेलं मीठ नाकारायचं नाही. ज्या घराने मीठ नाकारलं त्याच्या वाफ्यात मीठ बसत नाही, अशी आमच्यात समजूत.

हरेशला पहिला मुलगा झाला तो बारशाआधीच गेला. दूध पाजावं की उलटी. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली, भर उन्हातल्या वाफ्यासारखं पोर सुकलं. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं पोटाचा विकार. मग कस्तुरी झाली. तिनेही दूध टाकायला सुरुवात केली तशी मी हरेशला म्हटलं, "वाट कसली बघतोस? गाडी काढ."

मोठ्या हॉस्पिटलात निदान झालं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. डॉक्टर तिला अधिवृक्क म्हणतात, मी टोपी म्हणते. आकार दोन बोटांएवढा, पण तिच्यातून जे रस झिरपतात त्यांच्यावर माणूस उभा असतो. एक रस संकटाचा: ताप आला, मार लागला, उपास पडला की तो वाढतो आणि शरीराला धरून ठेवतो. दुसरा मिठाचा: तो नसेल तर अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं आणि मिठामागे पाणी जातं. कस्तुरीच्या दोन्ही टोप्या जन्मताच खुरटलेल्या होत्या. आईबापाच्या रक्तात अर्धा अर्धा दोष होता, तिच्यात तो पुरा झाला.

तिला गोळ्या सुरू झाल्या, त्या जन्मभराच्या. ताप आला की दुप्पट. उलटीने गोळी पोटात राहिली नाही तर मांडीत इंजेक्शन, तेही ताबडतोब. आणि मीठ. डॉक्टर म्हणाले, "आजी, हिला मीठ जास्त लागेल." मी म्हटलं, "मग योग्य घरी जन्माला आलीय."

तिची आई दर्शना सुई बघून थरथरायची, म्हणून टोचायला मी शिकले. पोर रांगती झाल्यावर कोठाराची भिंत चाटायची. शाळेत निघताना तिच्या गालात एक खडा आणि दप्तराच्या कप्प्यात चार. आजोळी राहायला नाही, सहलीला नाही. कुठेही गेली तरी माझ्या नजरेत. वीस वर्षं.

आमच्या बांधावरून बंदरात जाणारी जहाजं दिसतात. मी त्यांच्याकडे कधी मान वर करून बघितलं नाही. कस्तुरी मात्र बघायची. एक दिवस भाकरी खाता खाता म्हणाली, "बय, मला जहाजावर जायचंय. अधिकारी म्हणून."

"जहाजावर कशाला? पाणी कमी पडतंय का इथे?"

परीक्षा पास झाली. तब्येतीच्या तपासणीत नापास. सहा सहा महिने जिथे किनारा नाही तिथे गोळ्यांवर जगणारं माणूस घेत नाहीत. मी वरवर हळहळले. आत काय वाटलं ते माझं मला ठाऊक.

तेव्हाच डॉक्टर रुबिना तांबोळी आमच्या आयुष्यात आल्या. साताऱ्याकडच्या, वयाने दर्शनाएवढ्या, बोलायला सरळ. पनवेलच्या बाजूला एका संशोधन केंद्रात त्या प्रयोगशाळेत टोप्या वाढवत होत्या. कस्तुरीला घेऊन आम्ही गेलो तेव्हा त्यांनी मला काचेआड दाखवलं: गुलाबी पाण्यात तुरीच्या डाळीएवढे पिवळट ठिपके.

मी म्हटलं, "एवढ्याशा डाळीसाठी एवढी काचेची घरं?"

"आजी, ही डाळ शिजायला आम्हाला पंधरा वर्षं लागली," त्या हसून म्हणाल्या, आणि मग मला कळेल असं सांगितलं. कस्तुरीच्या कातडीची चिमूट घ्यायची. त्या पेशींना मागे न्यायचं, आईच्या पोटातल्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत, जेव्हा पेशीला आपण कातडी होणार की काळीज हे ठाऊक नसतं. रक्तातला दोष तिथेच दुरुस्त करायचा. मग एकामागून एक औषधी इशारे देत तिला टोपीच्या वाटेने चालवायचं. तयार ऊतक जाळीदार कुपीत भरून कमरेपाशी कातडीखाली बसवायचं. पेशी तिच्याच, म्हणून शरीर परकं म्हणून मारायला उठत नाही.

"पण बसवलं म्हणजे झालं नाही," त्या म्हणाल्या. "ही ग्रंथी आपणहून काम करत नाही. तिला हाक लागते. संकटाच्या रसासाठी मेंदूखालची एक ग्रंथी हाक मारते, मिठाच्या रसासाठी मूत्रपिंड. कुणी हाकच मारली नाही, तर ही झोपून राहते आणि झोपेतच वाळते. गोळ्या चालू ठेवल्या तर मेंदूला वाटतं, रस आहे की भरपूर, हाक कशाला मारू? म्हणून गोळ्या हळूहळू तोडायच्या. तोडताना त्रास होणार. तो सोसायचा."

जालन्याच्या एका बाईचं त्यांनी सांगितलं. जरा चक्कर आली की नवरा मायेपोटी तिला गोळी द्यायचा. कुपी उघडली तेव्हा आत नुसता पांढरा धागा उरला होता.

"नवरा अर्धवट," मी म्हटलं. कस्तुरीने माझ्याकडे बघितलं.

कुपी बसली. गोळ्या उतरू लागल्या. दंडावर एक पातळ पट्टी चिकटवली होती, ती कातडीतून दोन्ही रसांचे आकडे काढून फोनवर दाखवायची आणि तेच पनवेलला डॉक्टरीणबाईंना दिसायचे. संकटाच्या रसाचा आकडा पहाटे चढायला, संध्याकाळी उतरायला लागला. डॉक्टरीणबाईंचा फोनवर आवाज चढला होता, "आजी, जागी झाली!" पण मिठाचा आकडा जमिनीला चिकटलेला. एक महिना गेला, दुसरा गेला. दोनदा कस्तुरीला भोवळ आली आणि दोन्ही वेळा घाबरून दर्शनाने मला हाका मारल्या, मी इंजेक्शन टोचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संशोधनाचा नियम असा की तिसऱ्यांदा टोचावं लागलं तर ऊतक निकामी धरायचं. कुपी काढायची, गोळ्या कायमच्या. दुसरी कुपी मिळायची नाही, रांगेत हजार माणसं आहेत.

शेवटी त्या स्वतःच आमच्या घरी आल्या. कस्तुरी कशी राहते, काय खाते, ते बघायला. दर्शनाचं स्वयंपाकघर पाहिलं, भाजी चाखली. मीठ बेताचंच, कारण मला रक्तदाब आहे. मग म्हणाल्या, "चला, तुमचं आगर तरी बघू."

आम्ही बांधाशी आलो. मजूर ओळीने उभे. मी कमरेची पिशवी सोडली आणि एकेकाच्या जिभेवर खडा ठेवत गेले. कस्तुरीला नेहमीप्रमाणे दोन, एक जिभेवर आणि एक मुठीत. डॉक्टरीणबाईंपुढे आले, म्हटलं, "आ करा." त्यांनी केला.

खडा जिभेवर पडल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. आंबट खाल्ल्यासारखा नव्हे. काहीतरी सापडल्यासारखा.

"आजी, हे रोज?"

"रोज. माझ्या सासूच्या आधीपासून."

"कस्तुरीला किती?"

"लागेल तेवढे. दुपारी उन्हात अजून चार."

"मी मीठ बंद करायला सांगितलं होतं ना?"

मला राग आला. "तुम्ही मिठाच्या गोळ्या बंद करा म्हणालात. त्या त्याच दिवशी चुलीत टाकल्या. हे औषध नाही बाई, ही रीत आहे. देवळातला अंगारा कुणी औषधात धरतं का?"

त्या बांधावर मटकन बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मूत्रपिंडाला इतकं मीठ आयतं मिळतंय. ते हाक कशाला मारेल?"

"म्हणजे माझ्या हाताने तिचं वाईट होतंय, असं म्हणा की सरळ."

"तुमच्या हाताने ती जगली. मी कुठे नाही म्हणते? पण आता त्याच हाताने थांबायला हवं."

"उद्या म्हणाल श्वास घेऊ नका." मी पिशवीचं तोंड आवळलं. "काचेत डाळी शिजवणाऱ्यांनी आमच्या रीतीला हात घालायचा नाही. चहा घ्या आणि सुखाने जा."

चुकले असं कुणी म्हणेल. म्हणू दे. एक नातू सुकताना बघितलेल्या बाईला मीठ सोड म्हणणं सोपं आहे, सोडणं सोपं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा बांधाशी उभे होते. मी कस्तुरीपुढे आले, खडा धरला. तिने तोंड उघडलं नाही.

"आ कर."

"नाय बय."

सगळ्या मजुरांसमोर. माझ्या सासूच्या काळापासून त्या बांधावर कुणी खडा नाकारला नव्हता.

"मोठी झालीस?"

"तू होऊ दिलीस तर होईन," ती म्हणाली. डोळे भरलेले, पण ओठ घट्ट. तशीच खाली उतरली.

मी तो खडा तिथेच फेकला आणि घरी येऊन बसले. जेवले नाही. हरेश समजवायला आला तर म्हटलं, "तू गप. तुझी पोर जहाजावर जाऊन मरू दे." बोलायला नको होतं, पण जीभ माझी आहे, ती कुणाच्या ताब्यात नाही. तीन-चार दिवस मी कस्तुरीशी शब्द बोलले नाही. फक्त बघत होते. ती भिंत धरून उठायची. पाणी पिऊन पिऊन पोट फुगायचं आणि ओठ तरी कोरडे. कोठारापुढून जाताना मान फिरवायची, दारुड्याने गुत्त्यापुढून फिरवावी तशी. एकदा तिने माझ्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. मला हरेशचा पहिला मुलगा आठवला. त्याला कुणी हसायला वेळच दिला नव्हता.

पाचव्या सकाळी मी ओळीत आले, कस्तुरीपुढे थांबले आणि रिकामा हात तिच्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "जा." बाकी काही नाही. मजूर एकमेकांकडे बघत होते. बघू दे.

दोन आठवड्यांनी मिठाचा आकडा जमिनीवरून हलला. अगदी थोडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कूस बदलतेय. उठवू नका, ढकलू नका. तिला उन्हातान्हात पाठवू नका."

पण उधाणाला कोण सांगणार? अमावास्येला भर दुपारी भरती आली, यंदाची सगळ्यात मोठी. भरतीचं पाणी आत घेण्या-सोडण्याची जी उघाडी असते तिची फळी मोडली आणि समुद्र थेट वाफ्यांत घुसायला लागला. मिठाच्या तयार राशी पाण्यात जाणार. सगळे धावले, मीही धावले. चिखलाच्या पाट्या हातोहात चालल्या होत्या. कस्तुरी ओळीत कधी शिरली ते मी बघितलं नाही. भोक बुजत आलं तेव्हा दर्शना किंचाळली.

कस्तुरी बांधावर पडली होती. कपाळ फुटलं होतं, ओठ पांढरे, हात बर्फासारखे. हरेशने उचलून बांधालगतच्या मांडवात आणली. दर्शनाने फोन लावला, मी तिथेच ठेवलेला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि इंजेक्शन भरून हातात घेतलं.

डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "वरचा आकडा सांगा."

"ब्याण्णव," दर्शना म्हणाली.

"रुग्णवाहिका निघाली आहे. नीट ऐका. नव्वदच्या खाली गेला की त्या क्षणी टोचा. मला विचारायचं नाही, जहाज विसरायचं. नव्वदच्या वर असेपर्यंत थांबता येईल. पट्टीचे आकडे मी इथे बघतेय. थांबायचं का, ते तुम्ही ठरवा. मी जबरदस्ती करणार नाही."

"थांबायचं कशाला?" दर्शना रडत माझा हात ओढायला लागली. "टोचा बय! एक गेलं माझं. आता जहाज नको नि काय नको."

तिचं काय चुकत होतं? आई होती. मी कस्तुरीकडे बघितलं. तिने डोळे उघडले, ओठ हलवले. मला वाटलं, थांब म्हणेल. ती म्हणाली,

"बय... मीठ दे."

पिशवी कमरेलाच होती. माझा हात आपोआप आत गेला, खडा मुठीत आला. वीस वर्षांची सवय होती, मला विचारायला थांबली नाही. तिने तोंड उघडलं, लहानपणी उघडायची तसं, जीभ बाहेर काढून.

मागितलेलं मीठ नाकारायचं नाही. आणि समोर मागणारी ती.

"नाय," मी म्हटलं.

"एकच... बय, एकच..."

"नाय म्हटलं ना! तुझ्या कमरेला एक आळशी बाई झोपवलीय, तिला हाक मार. माझ्याकडे मागू नको."

"ब्याण्णव," हरेश म्हणाला. मग, "एक्क्याण्णव."

एका हातात सुई, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. दर्शना माझ्या खांद्यावर गुद्दे मारत होती आणि मी मारू देत होते. समुद्र बांधापलीकडे धपाधप आदळत होता. कस्तुरी "मीठ, मीठ" म्हणत होती, मग तेही थांबलं. मी सुईचं टोपण काढलं.

"एक्क्याण्णव," हरेश म्हणाला. पुन्हा फुगवलं. "एक्क्याण्णव."

फोनमधून डॉक्टरीणबाईंचा नुसता श्वास येत होता. त्याही घाबरल्या होत्या. ते ऐकून मला बरं वाटलं, का कोण जाणे. मीच एकटी नव्हते.

"चढतोय," त्या एकदम म्हणाल्या. "संकटाचा चढतोय. थांबा... आजी, मिठाचाही."

"चौऱ्याण्णव," हरेशचा आवाज फाटला. "बय, सत्त्याण्णव!"

कस्तुरीच्या कपाळावर घाम आला. तोवर तिला घामही येत नव्हता. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची कुणी लागत नाही. तिला मीठ न देणारी म्हातारी. ती नजर मला लागली. अजून लागते. रुग्णवाहिका आली, तिला नेलं. दर्शना तिच्याबरोबर गेली.

मी सुईला टोपण लावलं आणि मूठ उघडली. आत खडा नव्हता. हाताच्या घामात विरघळून गेला होता, तळव्यावर पाणी आणि रेघांत चुणचुण. आमच्या राशीतला चौथा हिस्सा त्या दिवशी समुद्राने नेला. एकदा घराने मीठ नाकारलं की वाफ्यात मीठ बसत नाही म्हणतात. बसलं. उशिरा, पण बसलं.

वर्षाने तब्येतीच्या तपासणीत ती पास झाली. निघायच्या दिवशी पोशाख घालून अंगणात उभी राहिली. कपाळावरची खूण टोपीखाली झाकलेली. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. कस्तुरी माझ्या पाया पडली आणि उठून सरळ तोंड उघडून उभी राहिली.

"हे काय?"

"खडा दे. डॉक्टरांना विचारलंय, एकाने काही होत नाही आता."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मी पिशवीत हात घातला, चांगला चौकोनी, पांढरा खडा निवडला. तिच्या तोंडापर्यंत नेला आणि परत घेतला.

"नाय. इतकी वर्षं जाणाऱ्याला दिला. तुला येणाऱ्याचा. परत आलीस की आ कर."

"बय, सहा महिने!"

"मीठ नासत नाही."

ती हसली, मग रडली, मग गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत मी मूठ मिटून उभी होते. दर्शना हळूच म्हणाली, "द्यायला हवा होता." मी म्हटलं, "तू तुझी चूल बघ."

परवा कस्तुरीचा फोन आला. कुठल्या तरी देशाजवळ होती, पलीकडे नुसता वारा. म्हणाली, "बय, इथलं जेवण अगदी अळणी गं."

"खा गुमान," मी म्हटलं.

तिचा खडा देव्हाऱ्यात वाटीत ठेवला होता. पावसाळ्यात त्याला पाणी सुटलं, एका सकाळी बघते तर वाटीत नुसता ओलावा. मी वाटी पुसली आणि दुसरा ठेवला. तोही विरघळेल. मग तिसरा. आमच्या घरी मीठ कमी नाही.